इंजिन ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर डेस्कटॉपवर बसवताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाडी बाहेर उभी, डेस्कटॉप आत टेबलावर. मग हे उंटावरून शेळ्या हाकणं नाही का?

अर्धं बरोबर आहे. गाडी चालू असताना शेवटची ट्यूनिंग करायला लॅपटॉपच लागतो, त्याला पर्याय नाही. पण ट्यूनिंगमधला निम्म्याहून जास्त वेळ गाडीत जातच नाही हो. प्रोजेक्ट बनवणं, ईसीयूत (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये) फर्मवेअर म्हणजे त्याचा आतला प्रोग्राम टाकणं, सेन्सरचे आकडे भरणं, पहिला बेस मॅप (सुरुवातीच्या आकड्यांची कोष्टकं) तयार करणं, नंतर लॉग (गाडी चालताना झालेल्या नोंदी) उघडून कुठे पेट्रोल कमी पडतंय ते शोधणं, हे सगळं मोठ्या स्क्रीनवर, नीट खुर्चीत बसून करायचं काम आहे. ड्रायव्हर सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन घाईघाईत भरलेला आकडा आणि टेबलावर शांतपणे भरलेला आकडा यात फरक पडतोच. माझा स्वतःचा नियम साधा आहे, जे टेबलावर बोलत नाही ते गाडीत नेऊच नका. ईसीयू आणि कॉम्प्युटर यांचं आधी घरात जमू दे, मग बॉनेट उघडा.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

हा प्रश्न उलटा आहे. सॉफ्टवेअर आपण ठरवत नाही, ते ईसीयूच ठरवतो. मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो किंवा रसईएफआय असा वेगळा बसवलेला ईसीयू असेल तर ट्यूनरस्टुडिओ, लॉग बघायला त्याच लोकांचं मेगालॉगव्ह्यूअर. कंपनीचा मूळ ईसीयू ठेवून त्यातलाच मॅप बदलायचा असेल तर गाडीप्रमाणे बदलतं. सुबारूवाले बहुतेक रोमरेडर आणि ईसीयूफ्लॅश वापरतात, सोबत ओपनपोर्ट २.० केबल. जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी एचपी ट्यूनर्सचं नाव सगळ्यात जास्त ऐकू येतं. जुन्या ईसीयूंच्या बिन फाईल (मेमरीची जशीच्या तशी प्रत) उघडायच्या असतील तर ट्यूनरप्रो, पण त्याला त्या ईसीयूची, कुठला आकडा कशाचा ते सांगणारी एक्सडीएफ फाईल लागते, ती नसेल तर समोर नुसता आकड्यांचा ढीग दिसतो.

या पानावर जास्त करून ट्यूनरस्टुडिओबद्दल लिहिलंय कारण नवखे लोक तिथूनच सुरुवात करतात, पण केबल, ड्रायव्हर आणि पॉवरचं जे लिहिलंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

कॉम्प्युटर किती दमदार लागतो?

जुना चालतो. ग्राफिक्स कार्ड वगैरे काही लागत नाही. रॅम ८ जीबी असेल तर मोठे लॉग उघडताना त्रास होत नाही. त्यापेक्षा दुसरा मॉनिटर जोडा, एकावर फ्युएल टेबल आणि दुसऱ्यावर लॉग, हे एकदा करून बघितलं की परत एका स्क्रीनवर यावंसं वाटत नाही.

डाऊनलोड केलं तर विंडोज अडवतंय, अँटीव्हायरस पण ओरडतोय. बंद करू का?

आधी बघा कुठून उतरवलंय. बनवणाऱ्यांच्या मूळ साइटवरून असेल तर विंडोजची ती निळी सूचना बहुतेक वेळा फक्त "हा प्रोग्राम फार लोकांनी उतरवलेला नाही" एवढंच सांगत असते, छोट्या सॉफ्टवेअरचं हे नेहमीचंच आहे, पुढे जा. पण कुणीतरी दिलेल्या लिंकवरची क्रॅक फाईल असेल आणि सोबतच्या नोटमध्ये "आधी अँटीव्हायरस बंद करा" असं लिहिलेलं असेल तर थांबा. क्रॅकबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

रोमरेडरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, त्याला ३२-बिटचीच जावा लागते. कारण केबलच्या जे२५३४ (ईसीयूशी बोलणाऱ्या केबलींचं एक मानक) ड्रायव्हरची फाईल ३२-बिटची असते आणि ६४-बिट जावाला ती उघडता येत नाही. कॉम्प्युटर ६४-बिट असला तरी जावा ३२-बिट टाकायची. यात बरेच जण दोन-दोन दिवस घालवतात.

केबल लावली, सॉफ्टवेअर उघडलं, कनेक्टच होत नाही. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. आणि शंभरातल्या नव्वद वेळा दोष सॉफ्टवेअरचा नसतो असं मी बेधडक सांगतो, मोजलं कुणीच नाहीये पण अनुभव तोच आहे.

आधी केबल बदला. मोबाईल चार्जरसोबत येणाऱ्या कितीतरी केबलींमध्ये फक्त पॉवरच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो त्यामुळे आपल्याला वाटतं जोडलं गेलं. मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर काढ-घाल करण्यात घालवली होती आणि शेवटी प्रिंटरची केबल काढून लावली तर दोन सेकंदात कनेक्ट. कपाळाला हात.

मग कॅबिनेटच्या मागचं पोर्ट वापरा, जे थेट मदरबोर्डवर असतं. पुढच्या पॅनेलची पोर्टं आतून लांब तारेने जोडलेली असतात, कधी ढिली, कधी पॉवर कमी. यूएसबी हब तर नकोच.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि "पोर्ट्स" या भागात बघा. केबल काढली की एक नाव जायला पाहिजे, लावली की परत यायला पाहिजे. येत असेल तर त्याच्यापुढे लिहिलेला कॉम पोर्टचा नंबर सॉफ्टवेअरमध्ये भरा. काहीच येत-जात नसेल तर केबल किंवा बोर्ड. येतंय पण पिवळा त्रिकोण दिसतोय तर ड्रायव्हर, त्याचं पुढच्या उत्तरात.

स्पीडुइनो अर्डुइनो नावाच्या बोर्डावर चालतो, त्याला वेग ११५२०० ठेवायचा. बाकी कुठला प्रोग्राम तेच पोर्ट धरून बसला नाही ना तेही बघा, अर्डुइनोची सिरियल मॉनिटर खिडकी उघडी राहिली तर ट्यूनरस्टुडिओला पोर्ट मिळतच नाही. एका पोर्टवर एका वेळी एकच जण.

पिवळा त्रिकोण दिसतोय. कुठला ड्रायव्हर टाकू?

केबलमध्ये किंवा बोर्डावर कुठली चिप आहे त्यावर. साधारण चार घराणी आहेत, एफटीडीआय, प्रोलिफिक, सीएच३४० आणि सीपी२१०२. स्वस्त अर्डुइनो मेगा २५६० बोर्डांवर बहुतेक सीएच३४० असते.

प्रोलिफिकची गंमत अशी की जुन्या पीएल२३०३एचएक्सए चिपचा सपोर्ट कंपनीने नव्या विंडोजसाठी काढूनच टाकला. विंडोज ११ वर ती लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावाच्या जागीच लिहून येतं की ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. लोक जुना ड्रायव्हर शोधून टाकतात, चालतंही, पण पुढच्या विंडोज अपडेटला परत गाडं तिथेच. केबलच बदला.

एफटीडीआयची नक्कल केलेल्या चिपा पण खूप फिरतात. २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून असा एक ड्रायव्हर आला होता की त्याने नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला आणि त्या केबली कुठल्याच कॉम्प्युटरला ओळखू येईनात. बराच आरडाओरडा झाला, मग तो मागे घेतला. पण धडा राहिलाच, केबल कुठून घेतो ते बघावं.

अस्सल एफटीडीआय असेल तर एक काम नक्की करा, पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये लेटन्सी टायमर असतो, तो मुळात १६ मिलिसेकंद असतो, तो १ करा. गेज झटके न देता फिरायला लागतात आणि लॉगमध्ये सेकंदाला जास्त नोंदी येतात.

कॉम पोर्टचा नंबर २३ आलाय, सॉफ्टवेअरमध्ये १६ पर्यंतच दिसतात.

त्याच ॲडव्हान्स्डच्या खिडकीत नंबर बदलता येतो. "वापरात आहे" असं दाखवलं तरी बहुतेक वेळा ती जुन्या, कधीच काढलेल्या केबलची आठवण असते. ४ किंवा ५ द्या आणि केबल नेहमी त्याच भोकात लावा, कारण बऱ्याच केबलींना पोर्ट बदललं की विंडोज नवा नंबर देतं.

लिनक्सवर चालतं का?

ट्यूनरस्टुडिओ चालतं, जावावर बनलेलं आहे. अडचण परवानगीची येते, तुमच्या युजरला डायलआउट ग्रुपमध्ये टाका आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा (हे परत लॉगिन करायचं सगळे विसरतात आणि मग म्हणतात फरकच पडला नाही). उबुंटू २२.०४ वर आणखी एक भूत आहे, ब्रेल डिस्प्लेसाठीचा बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम सीएच३४० चिपला आपलंच यंत्र समजून पळवतो, पोर्ट एक क्षण दिसतं आणि गायब. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर तो काढून टाका, पोर्ट परत येतं.

मॅकवर पण चालतं. पण ट्यूनरप्रो, ईसीयूफ्लॅश, एचपी ट्यूनर्सवाल्यांनी सरळ विंडोजच घ्यावं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकून करू का?

लॉग बघायला, टेबल एडिट करायला करा की. फ्लॅश (ईसीयूत नवी फाईल लिहिणं) मात्र चुकूनही करू नका. यूएसबी एका सिस्टिममधून दुसरीत नेताना मध्येच एक झटका बसला तर अर्धवट लिहिलेला ईसीयू हातात राहतो.

मोबाईलवर गाडीच्या दोषांचे कोड वाचायचं ईएलएम३२७ आहे माझ्याकडे. त्यानेच ट्यूनिंग होईल का?

नाही. ते कोड वाचायला आणि थोडेफार आकडे बघायला आहे. फ्लॅश करायला जे२५३४ किंवा त्या-त्या सॉफ्टवेअरची स्वतःची केबल लागते. लॉगिंगही त्याच्यावर संथ होतं, आणि गाडी जुनी असून के-लाइनवर (डेटाच्या जुन्या एकेरी तारेवर) बोलत असेल तर अजूनच, कारण के-लाइनचा वेगच सेकंदाला १०,४०० बिट आणि गाड्यांतला कॅन बस साधारण ५ लाख बिटवर चालतो. बैलगाडी आणि रेल्वे.

ट्यूनरस्टुडिओत नवा प्रोजेक्ट बनवला, पण "सिग्नेचर जुळत नाही" असं येतंय. दुर्लक्ष करू का?

अजिबात नाही, आणि हे कळून घ्या म्हणजे पुढचे अर्धे प्रश्न पडणार नाहीत.

ईसीयूच्या मेमरीत नुसते आकडे एकापुढे एक ठेवलेले असतात, कुठला आकडा कशाचा हे त्यात लिहिलेलं नसतं. ते सांगणारी यादी म्हणजे आयएनआय फाईल, ती कॉम्प्युटरवर असते. फर्मवेअरची आवृत्ती बदलली की आकड्यांच्या जागा सरकतात. आता जुनी यादी घेऊन नव्या फर्मवेअरला हात लावला तर तुम्ही स्क्रीनवर रेव्ह लिमिट बदलाल आणि प्रत्यक्षात भलत्याच जागी भलतंच काही लिहिलं जाईल. सिग्नेचर म्हणजे दोघांची गाठ पडल्यावर विचारलेला परवलीचा शब्द, तो जुळला नाही की थांबायचं.

उपाय सोपा आहे. प्रोजेक्ट बनवताना ईसीयू जोडलेला ठेवा आणि डिटेक्ट बटण दाबा, इंटरनेट असेल तर नवं ट्यूनरस्टुडिओ योग्य फाईल बऱ्याचदा स्वतःच शोधून आणतं. नाहीतर फर्मवेअर जिथून घेतलं तिथलीच त्याच आवृत्तीची फाईल हाताने निवडा. स्पीडुइनोला स्पीडीलोडरने फर्मवेअर टाकताना तिथेच आयएनआय आणि बेस ट्यून दोन्ही उतरवायची सोय असते, तेव्हाच घेऊन ठेवा.

प्रोजेक्ट उघडल्यावर कधी कधी दुसरी खिडकी येते, ईसीयूतले आकडे आणि कॉम्प्युटरवरचे आकडे वेगळे आहेत, कुठले ठेवू? इथे घाईत "कॉम्प्युटरवरचे पाठव" दाबून एका मित्राने दोन महिन्यांचं काम कोऱ्या बेस मॅपने पुसलं होतं. आधी फरकांची यादी उघडा, बघा, मग ठरवा.

टेबलावर ईसीयूला पॉवर कशी देऊ?

स्पीडुइनो नुसत्या यूएसबीवर जागा होतो, सेटिंग भरायला तेवढं पुरतं. मेगास्क्वर्टला आणि कंपनीच्या ईसीयूला बाहेरून १२ व्होल्ट लागतात. करंट मर्यादा लावता येणारा बेंच पॉवर सप्लाय घ्या, इंजेक्टर-कॉइल जोडलेले नसतील तर १-२ अँपिअर खूप झाले. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसची पिवळी तार काढून वापरायचा मोह होतो, माहितीये मला, पण त्यात चुकून शॉर्ट झालं तर तो बिनधास्त दहा-वीस अँपिअर ओततो आणि बोर्डावरची तांब्याची रेघ उडते. मर्यादा असलेल्या सप्लायवर तेच शॉर्ट झालं तर फक्त व्होल्टेज खाली बसतं आणि तुम्हाला कळतं की काहीतरी चुकलं.

कंपनीच्या ईसीयूला एक कायमचा पॉझिटिव्ह आणि एक चावी फिरवल्यावर येणारा पॉझिटिव्ह असे वेगवेगळे लागतात, त्या गाडीच्या वायरिंग डायग्रामवरूनच पिना शोधा, अंदाजाने नाही. केबलसाठीचं ओबीडी सॉकेट जोडत असाल तर १६ नंबरला पॉझिटिव्ह, ४ आणि ५ ला अर्थ, ६ आणि १४ ला कॅनच्या दोन तारा.

पॉवर झाली की क्रँकचा खोटा सिग्नल द्या. मेगास्क्वर्टसाठी जिमस्टिम नावाचा बोर्ड मिळतो, आणि एक फालतू पडलेला अर्डुइनो असेल तर त्यावर अर्डुस्टिम टाकून ३६-१ (३६ दात्यांतला एक गायब) किंवा ६०-२ अशी दात्यांची नक्षी काढता येते. स्क्रीनवर आरपीएमचा काटा स्थिर ३००० वर उभा राहिला की समजा तुमची ट्रिगर सेटिंग (या दात्यांवरून क्रँक कुठे आहे ते ओळखायची) निदान कागदावर तरी बरोबर आहे. हे टेबलावर पाच मिनिटांत कळतं, गाडीत कळायला बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत बसावं लागतं.

कूलंटचं तापमान उणे ४० दाखवतंय.

सेन्सर जोडलेला नाही किंवा तार तुटलीये. थंडी नाहीये. (सेल्सिअस आणि फॅरनहाइट उणे ४० ला एकच असतात, त्यामुळे युनिट चुकलंय का हेही त्यावरून कळत नाही.) टेबलावर असताना हे दिसणारच, घाबरू नका.

गाडीत जोडल्यावर मात्र रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला पाहिजे. दिसत नसेल तर सेन्सरचं कोष्टक चुकलंय. मेगास्क्वर्ट आणि स्पीडुइनोत मुळात जनरल मोटर्सच्या सेन्सरचे आकडे आणि २४९० ओहमचा रोध धरलेला असतो, तो सेन्सर ३० अंशाला साधारण २२३८ ओहम आणि ९९ अंशाला १७७ ओहम दाखवतो. तुमचा दुसऱ्या कंपनीचा असेल तर बर्फाच्या पाण्यात, खोलीत आणि उकळत्या पाण्यात असे तीन वेळा मीटरने मोजा आणि ते तीन आकडे भरा. टेबलावरचंच काम आहे हेही.

वाइडबँडचा (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा गेजवर एक आणि स्क्रीनवर वेगळा, कुणावर विश्वास ठेवू?

गेजवर. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे व्होल्टेजचं भाषांतर, आणि तुम्ही चुकीचा शब्दकोश लावलाय. इनोव्हेटच्या एलसी-२ ला ० व्होल्ट म्हणजे ७.३५ (एक भाग पेट्रोलला इतके भाग हवा) आणि ५ व्होल्ट म्हणजे २२.३९. एईएमच्या एक्स-सिरीजला ०.५ व्होल्ट म्हणजे ८.५ आणि ४.५ व्होल्ट म्हणजे १८. आता एईएम लावून इनोव्हेट निवडलं तर ३ व्होल्टला खरं मिश्रण १४.४ असताना स्क्रीन १६.४ म्हणणार, तुम्ही म्हणणार अरे पेट्रोल कमी पडतंय, आणि ओतत सुटणार. प्लग काळे, पेट्रोल पाण्यासारखं, आणि दोष मात्र इंजेक्टरला. हा घोळ मी इतक्या वेळा बघितलाय की आता कुणाची ट्यून फाईल आली की पहिलं हेच उघडतो.

पहिल्यांदा सेल्फ मारण्याआधी काय काय भरायचं?

इंजिन किती सीसी, सिलिंडर किती, इंजेक्टर किती प्रवाहाचे. इंजेक्टरवर पौंड प्रति तास लिहिलेलं असेल तर १०.५ ने गुणा, सीसी प्रति मिनिट येतात. हवा-इंधनाचं प्रमाण पेट्रोलला १४.७, ई८५ ला (इथेनॉल मिसळलेलं इंधन) साधारण ९.८. या आकड्यांवरून सॉफ्टवेअर रिक्वायर्ड फ्युएल (एका वेळी लागणारं मूळ इंधन) काढतं आणि बाकी सगळं टेबल त्याच्यावर उभं असतं, पाया चुकला तर वरचे मजले सुधारत बसण्यात अर्थ नाही. मग थ्रॉटल कॅलिब्रेशन, पॅडल सोडून एक आणि पूर्ण दाबून एक.

आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. स्क्रीनवर १० अंश लिहिलंय म्हणून इंजिनात १० अंश आहे असं नाही! सेटिंगमध्ये टायमिंग १० ला बांधून ठेवा, टायमिंग लाइट पुलीवर मारा, तिथे जे दिसेल ते खरं. फरक असेल तर ट्रिगर अँगल तेवढा सरकवा. हे काम डेस्कटॉपवर होत नाही आणि हे टाळलेलं इंजिन पिस्टनला भोक पाडून बदला घेतं.

रात्री सगळं सेट केलं, सकाळी परत जुनंच.

बर्न दाबलं नव्हतं. बदललेला आकडा लगेच ईसीयूच्या तात्पुरत्या मेमरीत जातो म्हणून फरक जाणवतो, पण पॉवर गेली की तो पण जातो. बर्न केलं की कायमचा. काही सेटिंगना त्यानंतर ईसीयू बंद करून चालू करावा लागतो, तसं लाल अक्षरात सांगतं ते, वाचा.

टेबलावर मस्त चालत होतं, गाडी चालू केली की कनेक्शन तुटतं.

इग्निशनचा गोंगाट. स्पार्क प्लग रेझिस्टरवाले आहेत का बघा, प्लगच्या वायरी यूएसबी केबलपासून लांब ठेवा, ईसीयूची अर्थ आणि सेन्सरची अर्थ एकत्र बॉडीला कुठेही स्क्रू मारून दिली असेल तर ती सुधारा.

काही जण गाडी कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर लावून खिडकीतून केबल आत घेतात. एक तर यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंतच धरतात, त्यापुढे रडारड. दुसरं म्हणजे डेस्कटॉप भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेला असतो, गाडी आपल्या बॅटरीवर, आणि गाडीला चार्जर लावला असेल तर दोन्हींची अर्थ केबलमधून एकमेकांना भिडते. यूएसबी आयसोलेटर मध्ये टाका. तो नसेल तर सरळ बॅटरीवरचा लॅपटॉप न्या.

कंपनीचा ईसीयू डेस्कटॉपवरून फ्लॅश करायचा आहे. भीती वाटते.

वाटलीच पाहिजे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, डेस्कटॉपला नसते, म्हणजे लाइट गेली की फ्लॅश अर्धवट. यूपीएस नसेल तर डेस्कटॉपवरून फ्लॅश करू नका, यात चर्चाच नाही.

पहिलं काम, मूळ फाईल पूर्ण वाचून घ्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. काही सॉफ्टवेअर ईसीयूतून खरं वाचतच नाहीत, नंबर बघून आपल्या संग्रहातली तीच फाईल देतात, ते चालतं पण ती तुमच्या ईसीयूची हुबेहूब प्रत नसते हे माहीत असू दे. मग कॉम्प्युटरची झोप बंद, स्क्रीनसेव्हर बंद, पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सस्पेंड बंद, विंडोज अपडेट पुढे ढकला. गाडीत करत असाल तर बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय लावा, हेडलाइट, पंखा, म्युझिक बंद, साधारण १३ व्होल्टच्या आसपास राहू दे.

बदललेल्या फाईलचा चेकसम (फाईल शाबूत आहे का ते तपासायची बेरीज) बरोबर झालाय का तेही बघा. काही एडिटर आपोआप करतात, ट्यूनरप्रोमध्ये एक्सडीएफ फाईलमध्ये तशी सोय असेल तरच होतं. चेकसम चुकला तर फ्लॅश यशस्वी म्हणेल आणि गाडी मात्र चालू होणार नाही.

आणि तरीही मध्ये अडकलं तर? चावी बंद करू नका, केबल काढू नका. बऱ्याच ईसीयूंमध्ये बूटलोडर (फाईल लिहून घेणारा छोटा प्रोग्राम) वेगळा राहतो, तो शाबूत असेल तर परत लिहिता येतं. तोही गेला तर ईसीयू काढून, उघडून, बूट मोडमध्ये टेबलावर लिहावा लागतो, आणि ते पहिल्यांदाच करणाऱ्याचं काम नाही.

ऑटोट्यून चालू केलं की झालं ना?

पी हळद आणि हो गोरी असं नसतं ते. ट्यूनरस्टुडिओचं ऑटोट्यून पैसे भरून रजिस्टर केलेल्या आवृत्तीतच आहे, आणि ते फक्त पेट्रोलचं टेबल सुधारतं, इग्निशनला हातही लावत नाही. इंजिन गरम झाल्याशिवाय, वाइडबँड नीट बसवल्याशिवाय सोडलं तर ते चुकीचंच शिकतं, तेही भराभर. माझी पद्धत, वीस मिनिटं सगळ्या लोडवर गाडी फिरवून लॉग घ्यायचा, घरी डेस्कटॉपवर मेगालॉगव्ह्यूअरमध्ये टाकायचा, तिथलं व्हीई ॲनालाइझ (लॉगवरून पेट्रोलचं टेबल तपासणारी सोय) काय सुचवतंय ते बघायचं आणि जे पटेल तेवढंच घ्यायचं. शेजारच्या खान्यांपेक्षा एकच खाना एकदम २० टक्के उंच झाला असेल तर तो इंजिनाचा स्वभाव नाही, लॉगमधली घाण आहे.

इंटरनेटवर माझ्याच इंजिनाची तयार ट्यून मिळाली, टाकू?

सुरुवातीला बघायला घ्या. इंजेक्टर, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), वाइडबँड, ट्रिगर यातलं एक जरी वेगळं असेल तर ती तुमची ट्यून नाही.

क्रॅक केलेली आवृत्ती चालेल का, शिकण्यापुरती?

शिकण्यापुरतं फुकटातच भरपूर आहे. ट्यूनरस्टुडिओची लाइट आवृत्ती फुकट आहे, रोमरेडर फुकट आहे, एचपी ट्यूनर्सचा एडिटर केबल न घेता उतरवून फाईल बघता येतात, पैसे गाडीला लिहिताना लागतात. क्रॅकमध्ये व्हायरस येतो ते येतोच, पण जास्त वाईट म्हणजे त्याच्यासोबत वापरलेली नकली केबल अर्ध्यात लिहिणं सोडते.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) सॉफ्टवेअरमधून बंद करता येतं ना?

बऱ्याच देशांत रस्त्यावरच्या गाडीला हे बेकायदा आहे. इथे त्याची पद्धत विचारू नका.

बॅकअप कसा ठेवू?

प्रत्येक वेळी नवं नाव, तारीख आणि काय बदललं ते, जसं "थंड स्टार्ट वाढवला". "फायनल", "फायनल २", "खरंच फायनल" अशी नावं ठेवलीत तर महिन्याने तुम्हालाच कळणार नाही. ट्यूनरस्टुडिओ स्वतः रिस्टोर पॉइंट ठेवतं पण ते त्याच डिस्कवर असतात. आणि डेस्कटॉप जुना असेल, मदरबोर्डचा सेल उतरलेला असेल, तर तारीख बघून घ्या, माझे एका वर्षाचे सगळे लॉग १ जानेवारीचेच होते.

आता हे सगळं लॅपटॉपवर कसं नेऊ?

डॉक्युमेंट्समध्ये ट्यूनरस्टुडिओ प्रोजेक्ट्स नावाचं फोल्डर असतं, त्यातलं तुमच्या प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर उचला, नुसती एमएसक्यू (ट्यूनची) फाईल नको, कारण आयएनआय आणि गेजची मांडणी फोल्डरमध्येच असते. लॅपटॉपवर कॉम पोर्टचा नंबर वेगळा असेल तेवढा बदला. आणि त्यानंतर गाडीत जे बदललं ते घरी आल्यावर लगेच परत डेस्कटॉपवर कॉपी करा, नाहीतर पुढच्या वेळी ती "कुठले आकडे ठेवू" वाली खिडकी येईल आणि तुम्हाला आठवणार नाही नवं कुठलं ते.